टर्की शोधताना घुबड कधी, कावळा कधी आणि गप्प कधी बसायचं

टर्कीच्या शिकारीबद्दल प्रश्न असा आलाय (टॉम म्हणजे नर टर्की, हेन म्हणजे मादी, गॉबल म्हणजे नराची हाक, कॉल म्हणजे प्राण्या-पक्ष्याचा नकली आवाज किंवा तो काढायचं फुंकायचं साधन, आऊल हूटर हे त्यातलं घुबडाचं): "दादा, सेंट लुईसजवळ राहतो, मिसूरीतला माझा दुसरा स्प्रिंग सीझन. आऊल हूटर घेतला, व्हिडिओ बघून शिकलो, पहाटे मार्क ट्वेनच्या जंगलात जाऊन जोरजोरात वाजवतो. कधी काहीच उत्तर येत नाही, कधी एक गॉबल येतो आणि मग सगळं गार. आता क्रो कॉल घेऊ, पीकॉक घेऊ की कोयोटी? आणि सरळ हेनचाच आवाज काढून टॉम का नाही शोधायचा?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तो कळला की बाकीचे निम्मे आपोआप सुटतात. तू हेनचा यल्प, म्हणजे मादीची साद, काढलास आणि टॉमने ऐकला, तर त्याच्या लेखी तिथं एक मादी उभी आहे. मग एक तर तो तडक तुझ्याकडे निघतो, आणि तू असतोस लॉगिंग रोडच्या मधोमध, बंदूक खांद्याला, पाठीशी झाड नाही, तोंडावर मास्क नाही, आणि टर्कीला वास फारसा येत नसला तरी नजर अशी असते की तुझा हात नुसता खिशाकडे गेलेला त्याला लांबून दिसतो. नाहीतर तो येतच नाही, जागेवर पिसारा फुलवून वाट बघत बसतो, कारण त्यांच्यात पद्धत अशी की टॉमने ओरडायचं आणि माद्यांनी त्याच्याकडे चालत जायचं. मादी आली नाही की त्याला शंका येते. दोन्हीकडे नुकसान तुझंच. घुबडाच्या किंवा कावळ्याच्या आवाजाचं तसं नाही, त्याने त्याच्या मनात कसलीच अपेक्षा तयार होत नाही, तो ओरडून मोकळा होतो आणि परत आपल्या उद्योगाला लागतो. तुला त्याचा पत्ता मिळतो, त्याला तुझा मिळत नाही. अशा आवाजाला लोकेटर कॉल म्हणतात आणि त्याचं काम एवढंच. आणि तुझी जी काही गडबड होतेय ती मला वाटतं या "एवढंच" मध्ये आहे, तू त्याच्याकडून गप्पा मारल्यासारखी उत्तरं मागतोयस.

तो जो गॉबल येतो त्याला शॉक गॉबल म्हणतात आणि ते उत्तर नसतंच मुळी. झोपेत कुणी डोक्याशी ताट पाडलं की आपल्या तोंडून "कोण रे!" निघतं ना, तसं ते आहे. स्प्रिंगमध्ये टॉमच्या अंगात हार्मोन्स इतके उसळलेले असतात की अचानक मोठा आवाज आला की गॉबल बाहेर पडतोच, मग तो आवाज घुबडाचा असो, गाडीचं दार आपटल्याचा असो, ट्रेनचा भोंगा असो नाहीतर ढगांचा गडगडाट. आपल्याकडे जूनमध्ये ढग वाजले की मोर ओरडायला लागतात, बराचसा तोच प्रकार, आणि टर्की आणि मोर एकाच फॅमिलीतले पक्षी आहेत त्यामुळे नवल नाही. बरेच लोक समजतात की तो घुबडाला घाबरून ओरडतो. ग्रेट हॉर्न्ड आऊल, म्हणजे आपल्या हुमा घुबडाचा अमेरिकन चुलतभाऊ, कधीकधी झाडावर झोपलेली टर्की मारतो हे खरं, पण ज्या बार्ड आऊलचा आवाज आपण सगळे काढतो ते घुबड मोठ्या टॉमच्या वाटेला जात नाही. भीतीचा संबंध असता तर ट्रेनच्या भोंग्याला कोण ओरडलं असतं! म्हणून फॉलमध्ये, म्हणजे पानगळीच्या दिवसांत, हे कॉल जवळजवळ निकामी, कारण तेव्हा अंगात तो जोरच नसतो. आणि म्हणूनच कॉल हुबेहूब असण्यापेक्षा तो अचानक आणि ठसठशीत असण्याला महत्त्व आहे.

आता घुबड. बार्ड आऊलची ओळखीची आठ सुरांची लय आहे, अमेरिकन लोक ती "हू कुक्स फॉर यू, हू कुक्स फॉर यू ऑल" अशी लक्षात ठेवतात, शेवटचा सूर खाली घसरत जातो, हू-आऽऽऽव असा. तू हूटर विकत घेतलास ते ठीक, पण तोंडाने शिक. दोन्ही हाताचे पंजे तोंडाभोवती धरायचे, गाल फुगवायचे नाहीत, आवाज पोटातून काढायचा, गाडीत एकटा असताना सराव कर म्हणजे बायकोपोरं हसणार नाहीत. मर्लिन नावाच्या पक्षी ओळखायच्या ॲपवर बार्ड आऊलची रेकॉर्डिंग्ज आहेत, ती घरी ऐकून लय पक्की कर. फक्त ते रेकॉर्डिंग जंगलात फोनवरून वाजवू नकोस, त्याचं पुढे सांगतो.

पहाटेचं गणित बघ. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तुमच्याकडे सूर्य साधारण सव्वासहाला उगवतो, बंदूक चालवायची परवानगी त्याच्या अर्धा तास आधीपासून. टॉम रूस्टवर, म्हणजे रात्री बसायच्या झाडावरच पहिला गॉबल देतो तो बऱ्याचदा सूर्योदयाच्या पाऊण तास आधी, आणि खाली उतरतो उजाडायच्या सुमारास. म्हणजे तुझ्या हातात अर्धा-पाऊण तास आहे, त्यात तो सापडायला हवा, तिथपर्यंत चालत जायला हवं आणि झाडाला पाठ लावून बसायला पण हवं. बरेच जण साडेपाचला गाडीतून उतरतात, दार आपटतात (हा पण एक लोकेटर कॉलच, फक्त चुकीच्या जागी केलेला) आणि पार्किंगमध्येच घुबड होतात. तू पाचच्या आधी रिजवर, म्हणजे डोंगराच्या धारेवर, पोचलेला हवास, अंधारात, टॉर्च बंद करून.

आणि पोचल्यावर काय करायचं, तर काहीच नाही. हे सगळ्यात अवघड. ओझार्कमध्ये, म्हणजे तुमच्याकडच्या त्या डोंगराळ भागात, पहाटे आधी व्हिपूरविल हा रातपक्षी ओरडत असतो, मग कार्डिनल पक्षी सुरू होतात, खरी घुबडं हॉलोमध्ये (दोन रिजमधल्या घळीत) एकमेकांशी भांडत असतात. खरं घुबड ओरडलं आणि टॉमने त्यालाच गॉबल दिला तर तुला तोंड उघडायची गरज काय? जो टॉम आपणहून ओरडतोय त्याच्यावर लोकेटर कॉल वापरायचाच नाही. फुकट मिळतंय ते घ्यावं. कार्डिनल सुरू होऊन पाच-दहा मिनिटं झाली आणि तरी सामसूम असली तरच पहिला हूट.

तोही आठ सुरांचा नाही. आधी फक्त चार सूर, मध्यम आवाजात, कारण काय सांगावं, शंभर यार्डावर बसलेला असेल. मग थांब. तुझ्या प्रश्नात "जोरजोरात वाजवतो" असं लिहिलंयस त्यावरून मला खात्रीने वाटतंय की तुला गॉबल येऊन गेलेले आहेत, तुला ते ऐकू आले नाहीत. शॉक गॉबल कधी कधी तुझ्या दुसऱ्या-तिसऱ्या सुरावरच येतो, एक-दीड सेकंदाचा मामला, आणि तू अजून तुझ्या "फॉर यू ऑल"मध्ये दंग, तुझ्याच कवटीत तुझा आवाज घुमतोय. म्हणून कॉल तुटक आणि छोटा ठेवायचा, तोडल्याबरोबर श्वास धरून कान द्यायचा. बरोबर कुणी मित्र असेल तर त्याला वीस-तीस पावलं बाजूला उभा कर, वाजवणारा एक आणि ऐकणारा दुसरा. या एका गोष्टीने माझ्या बरोबर येणाऱ्या लोकांना जेवढे टॉम सापडलेत तेवढे महागड्या कॉलने नाही सापडले. चार सुरांना काही नाही आलं तर दोन-तीन मिनिटांनी आठ सुरांची पूर्ण लय, जरा जोरात, दुसऱ्या दिशेला तोंड करून. तरी नाही तर बार्ड आऊल जे वेड्यासारखं माकडछाप हसतात-किंचाळतात ते कर, त्याने काही ढिम्म टॉम पण फुटतात. त्यानंतर मात्र जागा बदल, तिथंच उभा राहून दहा वेळा करू नकोस.

आणि गॉबल आला की बंद. इथं पोरं हावरटपणा करतात. एकदा आला, नक्की दिशा कळली नाही, म्हणून अजून एक हूट समजू शकतो. पण मजा येते म्हणून परत परत वाजवत राहिलं की काय होतं, तू त्याला जेवढा ओरडायला लावशील तेवढं तो आजूबाजूच्या माद्यांना आणि आजूबाजूच्या शिकाऱ्यांना पण बोलावतोय. पब्लिक लँडवर, म्हणजे सगळ्यांना खुल्या सरकारी जमिनीवर, तो गॉबल तुझ्या एकट्याच्या मालकीचा नसतो.

"एक गॉबल येतो आणि मग गार" याची कारणं मला तरी अशी दिसतात. पहिलं म्हणजे तो प्रतिक्षिप्त आवाज होता, त्याचा तुझ्याशी संबंधच नव्हता, त्यामुळे तो पुढे बोलेल ही अपेक्षाच चूक. दुसरं, तो खाली उतरला आणि माद्या त्याला जाऊन मिळाल्या, मग त्याला ओरडायची गरज उरत नाही, एप्रिलच्या मध्यावर हे जास्त होतं. पुढे माद्या अंडी घालायला आणि मग उबवायला बसतात (उबवणं चालतं २८ दिवस) तसे टॉम एकटे पडत जातात आणि पुन्हा बोलके होतात, म्हणून सीझनचा शेवटचा आठवडा मला पहिल्यापेक्षा जास्त आवडतो, गर्दीही कमी. मिसूरीचा मुख्य सीझन एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी सुरू होऊन २१ दिवस चालतो, पहिल्या शनिवारी-रविवारी प्रत्येक रिजवर एक घुबड असतं आणि त्यातली निम्मी माणसं असतात, टॉमला काय कळत नाही असं समजू नकोस. आणि एक कारण लोक मान्यच करत नाहीत, ते म्हणजे त्या हॉलोमध्ये टॉम नाहीच. मिसूरीने १९३७ मध्ये टर्कीची शिकार बंद केली होती कारण पक्षीच उरले नव्हते, मग पकडून दुसरीकडे सोडत सोडत ते परत वाढवले आणि १९६० मध्ये तीन दिवसांचा पहिला सीझन ठेवला, त्यानंतर दोन हजारच्या दशकापर्यंत भरभराट झाली. पण गेली बरीच वर्षं पिल्लं कमी जगतायत आणि पूर्वी जिथं तीन बाजूंनी गॉबल यायचे तिथं आता एकही येत नाही अशा जागा मला माहिती आहेत. मार्क ट्वेन नॅशनल फॉरेस्ट जवळपास १५ लाख एकर आहे, एकाच रिजवर प्रेम करत बसू नकोस.

मला विचारशील तर लोकेटर कॉलचा सगळ्यात चांगला उपयोग पहाटे नाही, आदल्या संध्याकाळी आहे. मिसूरीत पब्लिक लँडवर शिकार दुपारी एकला बंद होते (प्रायव्हेट लँडवर २०२४ पासून सूर्यास्तापर्यंत चालते), त्यामुळे लोक एक वाजता गाडी काढून घरी जातात. तू जाऊ नकोस. बंदूक गाडीत ठेव, डुलकी काढ, आणि सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी रिजवर जाऊन बस. एप्रिलअखेरीला सूर्य पावणेआठच्या आसपास मावळतो. त्या सुमाराला टर्की झाडावर चढतात, शांत संध्याकाळी पंखांची फडफड आणि फांद्या मोडल्याचा आवाज बराच लांबून येतो, ऐकलास की विसरणार नाहीस. ओझार्कमध्ये ते साधारण रिजच्या वरच्या भागात, उताराकडे झुकलेल्या मोठ्या ओकवर किंवा पाइनवर बसतात, खाली ओढा असेल तर सिकामोरवर. झाडावर स्थिरस्थावर झाल्यावर, सूर्य मावळून दहा-पंधरा मिनिटं झाली की एक हूट. ओरडला तर फोनच्या मॅपवर पिन टाक, आणि कॉल खिशात घालून आल्या पावली मागे फिर, जवळ जाऊन "नक्की कुठलं झाड" बघायच्या फंदात पडू नकोस, उडवलास तर रात्रीत तो दुसरीकडे बसेल.

कोयोटीचा, म्हणजे तिथल्या कोल्ह्यासारख्या प्राण्याचा आवाज वापरायचाच असेल तर तो या वेळेला. पश्चिमेकडे, साउथ डकोटा, न्यू मेक्सिको या भागात मेरियम जातीच्या टर्की असतात, मोकळी मैदानं आणि पॉन्डेरोसा पाइन, तिथं आवाज लांब जायला हवा म्हणून लोक कोयोटी हाउलर सर्रास वापरतात. झाडावर बसलेल्या टॉमला कोयोटीचं काही वाटत नाही, तो तिथून मजेत ओरडतो. पण खाली उतरलेल्या टॉमवर उजाडल्यानंतर हाउल करणं म्हणजे त्याला "चालता हो" सांगणं, कोयोटी त्यांना खरंच मारतो. शिवाय खरे कोयोटी उत्तर द्यायला लागतात आणि मग सगळी सकाळ कोयोटीचाच ऑर्केस्ट्रा.

क्रो कॉल घे, हो. घुबड आणि कावळा एवढे दोन पुरेत तुला. सकाळी टॉम खाली उतरला की घुबड खिशात ठेवायचं. तसं बार्ड आऊल दिवसा पण ओरडतात आणि दुपारी बाराला हूटवर गॉबल मिळालेले लोक आहेत, पण दिवसाचा राजा कावळाच. नऊनंतर माद्या अंडी घालायला घरट्याकडे जायला लागतात, टॉम एकटा फिरत असतो, नऊ ते एक ही वेळ क्रो कॉल घेऊन रिजवर हळूहळू चालायची. दोन-तीनशे यार्ड चालायचं, थांबायचं, आधी ऐकायचं, मग तीन तोडून टाकलेल्या कर्कश हाका, ख्रॉ-ख्रॉ-ख्रॉ, घशातून गुरगुरत, आणि एकदम बंद. कावळ्यांची भांडणं रंगवून रंगवून वाजवणारे लोक असतात, ऐकायला छान वाटतं, पण ते अर्धा मिनिट वाजवत असताना खालून गॉबल येऊन जातो आणि त्यांना पत्ता नसतो. हो, आणि अमेरिकन कावळे पण आपल्या कावळ्यांसारखेच नाकखुपसे, जास्त वाजवलंस तर दहा-बारा डोक्यावर जमा होतील, मग त्यांची मिटिंग संपेपर्यंत काही ऐकू येणार नाही.

थांबायची जागा मात्र विचार करून निवड. प्रत्येक वेळी कॉल करायच्या आधी मनात ठरव, आत्ता शंभर यार्डावर गॉबल आला तर मी कुठल्या झाडाला टेकणार. तसं झाड जवळ नसेल तर कॉलच करू नकोस, वीस पावलं पुढे जा. वळणाच्या आधी आणि रिजच्या माथ्याच्या थोडं अलीकडे थांबायचं म्हणजे पलीकडच्याला आवाज जातो पण तू दिसत नाहीस. उघड्या शेताच्या कडेला उभं राहून कावळा होणारे मी बघितलेत, शेताच्या त्या टोकाला टॉम मान वर करून त्यांच्याकडेच बघत असतो, आणि हे वाजवतायत.

क्रो कॉलचा अजून एक उपयोग आहे जो फारसं कुणी सांगत नाही. समज टॉम सापडला, पण तो चालता आहे, माद्यांमागे रिजवरून सरकतोय आणि तुला वळसा घालून त्याच्या पुढे जायचंय. आत्ता यल्प केलास तर तो थांबून तुझ्याकडे बघेल. पण एक कावळ्याची हाक टाकलीस तर तो चालता चालता गॉबल देतो आणि तुला कळतं की आता कुठवर पोचला. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक. आणि बसून झालं, मास्क चढवला, बंदूक गुडघ्यावर आली, की मग पहिला मऊ यल्प. एकदा हेन झालास की परत कावळा-घुबड नाही.

बाकीचे कॉल थोडक्यात. पिलिएटेड वुडपेकरचा कॉल, म्हणजे मोठ्या लाल तुऱ्याच्या सुतारपक्ष्याचा, तो ऊंच किंचाळता हसण्यासारखा आवाज, मला आवडतो, कारण पब्लिक लँडवर घुबड-कावळे ऐकून कंटाळलेल्या टॉमला तो नवा असतो. हॉकची किंकाळी चालते कधी कधी, पण मी फार भरवसा ठेवत नाही. पश्चिमेकडे काही लोक एल्क ब्यूगल (एल्क या मोठ्या हरणाची हाक) पण वापरतात. पीकॉक कॉल हा प्रकार दक्षिणेत लोकप्रिय आहे, टेक्सासमध्ये तर रँचवर पाळलेले मोर असतात त्यामुळे टॉमला तो आवाज उपरा वाटतही नाही. आवाज प्रचंड मोठा, वारा असला तरी पोचतो. ओझार्कच्या जंगलात "म्यॅऽऽऑव" ऐकून मला हसू येतं, सातारा-पुण्याच्या बाजूला शेतात लहानपणी मोर ऐकलेल्या माणसाला तिथं ते फारच विचित्र वाटतं, पण चालतो, खोटं कशाला बोलू. तरी तुला घ्यायला सांगणार नाही, तुझा प्रश्न आवाज कमी पडण्याचा नाहीये.

दिशा आणि अंतर ओळखणं हे खरं कसब, आणि ते कुठल्याही पॅकेटमध्ये विकत मिळत नाही. चांगल्या शांत सकाळी गॉबल मैलभरावरून ऐकू येऊ शकतो. एप्रिलच्या सुरुवातीला, डॉगवूड आणि रेडबड फुललेत पण ओकला पान नाही, तेव्हा आवाज आहे त्यापेक्षा जवळ वाटतो. तीन आठवड्यांनी पानं आली की उलटं, दीडशे यार्डावरचा टॉम चारशेवर वाटतो आणि लोक चालत चालत त्याच्या अंगावर जातात. शिवाय टॉमने मान पलीकडे वळवून ओरडलं की आवाज एकदम निम्मा. माझा ठोकताळा असा, की गॉबलमध्ये नुसता "गडगड" ऐकू आला तर लांब आहे, त्यातली खरखर, सुटे सुटे दाणे ऐकू आले तर तू आहेस तिथंच खाली बस. वेळ असेल तर फोनवर पहिली दिशा घे, शंभर यार्ड बाजूला सरकून दुसऱ्या गॉबलची दिशा घे, दोन रेषा जिथं कापतात तिथं तो. पानं नसताना रूस्टपासून दीडशे यार्डाच्या आत जाऊ नये, दाट पालवी असेल तर शंभरपर्यंत चालतं. आणि शक्यतो त्याच्या लेव्हलला किंवा थोडं वर बस, डोंगर उतरून खाली यायला त्यांना आवडत नाही, मध्ये ओढा किंवा तारेचं कुंपण असेल तर तिकडेच अडून बसतात.

वारा पंधरा मैलांच्या वर असला तर कॉल करत फिरण्यात अर्थ नाही, शेतांच्या कडा बघ, वाऱ्यात आणि पावसानंतर टर्की मोकळ्यात येतात. पाऊस पडून गेलेली थंड, स्वच्छ, वारा नसलेली सकाळ असेल तर ऑफिसला सुट्टी टाक.

आता कायदा आणि जीव, हे वाचायचं टाळू नकोस. फोनवरून किंवा स्पीकरवरून रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून टर्कीची शिकार बहुतेक राज्यांत बेकायदा आहे, मिसूरीतही. तोंडाने फुंकायचे कॉलच वापर. १ जानेवारी १९६७ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला तिथं हंटर एज्युकेशन लागतं, तू केलं असशीलच, पक्षी मिळाला की त्याच दिवशी रात्री दहाच्या आत टेलिचेक, म्हणजे शिकारीची सरकारी नोंद, करायचं. एच-वन-बी वर असशील तर फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला एरवी बंदी आहे, वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला अपवाद आहे, तेव्हा लायसन्सची तारीख संपलेली आणि बंदूक घरात अशी अवस्था होऊ देऊ नकोस, वकिलाला एकदा विचारून घे.

आणि जिवाचं असं की तू काढलेल्या घुबडाच्या आवाजाला जे घुबड उत्तर देतंय ते माणूस असू शकतं, जो गॉबल येतोय तोही माणसाने काढलेला असू शकतो. गॉबलच्या दिशेने कधीही सरपटत, लपतछपत जायचं नाही, वळसा घालून बसायचं आणि त्याला येऊ द्यायचं. अंगावर लाल, पांढरा, निळा काही नको, अगदी मोज्याची कड किंवा नाक पुसायचा रुमाल सुद्धा नाही, टॉमच्या डोक्याचे रंग तेच असतात. चालताना केशरी टोपी घाल, बसल्यावर काढ. पाठीला खांद्यापेक्षा रुंद झाड हवं. दुसरा शिकारी येताना दिसला तर हात हलवायचा नाही, टर्कीचा आवाज तर अजिबात नाही, सरळ मोठ्याने "हॅलो, इथं माणूस आहे" म्हणायचं. सकाळ वाया जाईल, जाऊ दे. ती जागा त्याने आधी धरली असेल तर निघ, रिज भरपूर आहेत. पँट मोज्यात खोच आणि कपड्यांवर आदल्या दिवशीच परमेथ्रिन हे कीटकनाशक मारून वाळव, कारण लोन स्टार टिक (एक गोचीड) ओझार्कमध्ये ढिगाने आहेत आणि ती चावून काही लोकांना अल्फा-गॅल ॲलर्जी होते, म्हणजे मटण, पोर्क, बीफ सगळं बंद.

पुढच्या वर्षी सीझनच्या आधी, मार्चअखेर आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, तीन-चार पहाटे नुसत्या ऐकायला जा. हेनचे कॉल घरी ठेव, सीझनच्या आधीच त्यांना यल्प ऐकवून शहाणं करायचं नाही, घुबड मात्र न्यायला हरकत नाही. गाडीने फॉरेस्ट रोडवर मैला-मैलावर थांबायचं, दार हळू लावायचं, पाच मिनिटं ऐकायचं, एक चार सुरांचा हूट, परत पाच मिनिटं, मॅपवर पिन, पुढे. कुठल्या रिजवरून गॉबल येतो त्याच्याबरोबर कुठून येत नाही तेही मॅपवर लिहून ठेव, ओपनिंग डेच्या दिवशी गाडी कुठं लावायची नाही हे त्यावरूनच कळतं.